लाखोरीबद्दल सांगायचं राहिलं ते

बाबूजी,

तुमची तेरवी होऊन गेली तरी घरी माणसं येतच आहेत. येणारा आधी आईजवळ बसतो, मग माझ्याकडे वळतो आणि म्हणतो, "तुह्या बापाले तुहा लय गर्व होता वं, पूनम." मी मान हलवते, डोळे पुसते. लोकांना वाटतं, पोरगी बापासाठी रडून राहिली. रडते आहेच. पण त्यातलं निम्मं रडणं शरमेचं आहे. ते दुसऱ्या कोणासमोर उघडं करता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

तुमची शेती केवढी होती, सरपंचकीला उभे राहून तुम्ही कसे पडलात, तळ्याच्या पाण्यावरून कोणाकोणाशी भांडलात, हे सांगणारे गावात पुष्कळ आहेत. त्यांनी सांगावं. मला लाखोरीच्या डाळीबद्दल बोलायचं आहे. आपल्या दोघांत तेवढं एक राहून गेलं.

आपल्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. गोंदियाला बीएस्सी झाली तोवर कोणी काही म्हटलं नाही. पण पुढे नागपूरला विषशास्त्र शिकायचं, मेलेल्या माणसाच्या पोटातलं जहर शोधायचं काम शिकायचं म्हटल्यावर आत्याबाईंनी तुम्हाला ओसरीवरच धरलं होतं. "मुर्द्याईचं शिकून आली त पोरीसंग लगन कोन करन?" तुम्ही चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणालात, "नाई करन त नाई करन. तुह्या घरी खायले येनार नाई ते." मी दाराआड उभी होते. त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं नागपुरात काढली. मेसचं पातळ वरण, इंग्रजीत फाडफाड बोलणाऱ्या पोरी, माझ्या बोलण्याला हसणाऱ्या पोरी, सगळं त्या वाक्याच्या जोरावर सोसलं.

दर रविवारी तुमचा फोन. "जेवली काय" नंतर. आधी, "आज कोन्तं जहर शिकली?"

मी सांगायची. फवारणीचं औषध, धोतरा, शिसं, साप. बरणीत मिठाच्या पाण्यात पोटातले अवयव कसे येतात, ते वाटून, गाळून त्यातून विष कसं वेगळं काढतात, काचेच्या पट्टीवर त्याचा ठिपका कसा वर चढतो.

"म्हंजे जहर बोलते," तुम्ही म्हणालात.

"बोलत नाई, बाबूजी. ठिपका दाखवते."

"दाखवनं म्हंजे बोलनंच. आपल्याले आयकता आलं पायजे."

आणि मग हे सगळं सडक अर्जुनीच्या ढाब्यावर तुम्ही ट्रकवाल्यांना हिंदीत सांगायचात. "मेरी लडकी मुर्दे के पेट का जहर पकडती है." एक सरदारजी हातातली चहाची कपबशी तशीच टेबलावर ठेवून उठला होता म्हणे. ही गोष्ट सांगताना तुम्हाला इतकं हसू यायचं की शेवट कधी नीट सांगताच आला नाही. दिवाळीत मी पांढरा कोट घरी आणला तर तो मला घालायला लावून शेजारच्या ओसरीपर्यंत नेलंत. मी वैतागले होते. आता वाटतं, आणखी दोन ओसऱ्या फिरले असते तर काय बिघडत होतं.

पहिल्याच सत्रात वनस्पतींतल्या विषांचा तास होता. फळ्यावर नावं येत होती. कण्हेर, गुंज, एरंडी, आणि मग लाखोरी.

मला आधी आनंद झाला, बाबूजी. खोटं कशाला सांगू. वर्गात सगळ्यांनी वळून विचारलं, हे काय असतं? आणि मी उभी राहून सांगितलं. धान कापायच्या आधी, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, ओल असतानाच, उभ्या धानात आम्ही लाखोरीचं बी फेकतो. धान निघालं की ती आपोआप वर येते. निळी फुलं येतात. आमच्याकडे डाळ खातात, कोवळी भाजी खातात, लग्नाकार्यात वडे करतात. पहिल्यांदा त्या वर्गात मला ठाऊक होतं आणि त्यांना नव्हतं. मॅडम म्हणाल्या, यात एक विष असतं, त्यानं माणसाचे पाय कायमचे जातात. तास संपला. पुढच्या तासाला मॅडम दुसऱ्या धड्यावर गेल्या.

रविवारची वाट न बघता मी तुम्हाला फोन केला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग विचारलंत, "मंग गोविंदाबाबाचे पाय त्याच्यानंच गेले काय?"

गोविंदाबाबा, तुमचे चुलत आजोबा. मी त्यांना पाहिलं नाही, पण तुम्ही त्यांची चाल करून दाखवायचात: दोन्ही हातांत काठ्या, टाचा वर, एक पाय दुसऱ्यापुढे कैचीसारखा. पीक बुडालेल्या वर्षांत मालगुजाराकडे राबले, मजुरी म्हणून लाखोरीच मिळायची, वर्षभर तीच खाल्ली. गावात सगळे म्हणायचे, बाहेरचं लागलं.

"त्याच्यानंच," मी म्हटलं. आणि ते खरं होतं. त्यांच्यापुरतं ते पुरं खरं होतं.

त्या दिवसापासून तुम्ही लाखोरी सोडली. पानात लाखोरीचे वडे असले की भाताकडे न बघणारे तुम्ही. आईनं डाळ काढली तर म्हणालात, "पोरगी शिकून राहिली ते काय फुकट?" आपल्या बांधीत बी फेकणं बंद. बांधाच्या धुऱ्यापलीकडे काकाजींच्या बांधीत तीच निळी फुलं, आणि अलीकडे आपली बांधी रिकामी. तुमचा सख्खा भाऊ, पण त्यांना तुम्ही धुऱ्यावरून ऐकवायचात, आणि ते तुम्हाला.

"मोठाभाऊ, तुही पोरगी उद्या भाताले बी जहर म्हनन. मंग काय माती खाशीन?"

"म्हनन त सोडीन. तुह्यासारखा अडानी नाई मी."

तोवर ते दोघा भावांचं नेहमीचं भांडण होतं. संध्याकाळी एकाच पारावर बसून तंबाखू मळायचात. ते भांडण मोडलं चंदाच्या साखरपुड्यात.

चंदा, काकाजींची पोरगी, माझ्याबरोबरीची. नवे पाहुणे पंगतीला बसले होते. काकीनं रात्रभर खपून लाखोरीचे वडे केलेले. वाढपी पहिल्या पानापाशी वाकला आणि तुम्ही मांडवाच्या मधोमध उभे राहून ओरडलात, "थांब गा! हे जहर पाहुन्याईच्या पानात नको." काकाजी हातात पाण्याचा तांब्या घेऊन तसेच उभे. आणि तुम्ही मला शोधलंत. "पूनम, सांग. सांग याईले."

मी एकच तास शिकले होते, बाबूजी.

मी पुढे आले आणि आपल्या बोलीत नाही, तर वर्गातल्या मराठीत बोलले. "हो. या डाळीत विष असतं. त्यानं पाय निकामी होतात." लोक माझ्याकडे बघत होते. तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आयुष्यात विसरणार नाही, आणि त्याच चेहऱ्यासाठी मी आणखी दोन वाक्यं बोलले, ज्यांची गरज नव्हती. चंदाच्या होणाऱ्या सासूनं पान बोटानं पुढे सरकवलं. काकीनं वड्यांची परात उचलून आत नेली. पुन्हा बाहेर आलीच नाही.

लगन झालं. मोडलं नाही. पण चंदाला तिकडे अजून टोमणा आहे. भाजी खारट झाली की सासू म्हणते, "जहर वाढनाऱ्याईच्या घरची पोरगी हाय, सांभाळून खा बाप्पा." आणि तुम्ही दोघे भाऊ त्या दिवसानंतर एका पारावर बसला नाहीत.

आता पुढचं ऐका. हे तुम्हाला माहीत नाही.

शेवटच्या सत्रात प्रकल्प करायचा होता. मी लाखोरीच घेतली. मला वाटलं, जे मांडवात बोलले ते प्रयोगशाळेत दाखवून देईन. डाळ पाहिजे होती, आणि आपल्या घरात तर तुम्ही एक दाणा ठेवला नव्हता. तेव्हा तुम्ही काय केलंत ते आईनं मला नंतर सांगितलं. काकाजींशी बोलायचं नाही, पण पोरीला नमुना पाहिजे. तुम्ही धुऱ्यावर उभे राहून आभाळाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणालात, "पोरीच्या परीक्षेले लाखोरी पायजे म्हनते बाप्पा!" पलीकडे काकाजी वाकून काम करत राहिले. वर बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर निवडलेल्या लाखोरीची पिशवी ठेवलेली होती, तोंड सुतळीनं बांधलेलं.

ती पिशवी मी नागपूरला नेली. डाळ दळली, अल्कोहोल आणि पाण्यात ढवळली, गाळली, अल्कलीत उकळली, वरून रसायन टाकलं, आणि काचेच्या नळीत पिवळा रंग चढला. जितकं विष जास्त, तितका पिवळा गडद. माझ्या हातानं पकडलेलं पहिलं जहर. मी नळी घेऊन मॅडमकडे पळत गेले.

मॅडमनी नळीकडे बघितलंच नाही. म्हणाल्या, "सापडलं म्हणून नाचू नकोस. कोणी खाल्लं, किती खाल्लं, त्यासोबत दुसरं काय खाल्लं, किती महिने खाल्लं, ते सांग. ते सांगता येत नसेल तर तू नुसता रंग पाहिलास."

मग मी नीट काम केलं. कोरडी डाळ तपासली. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलेली डाळ तपासली. उकळून पाणी काढून टाकलेली तपासली. दर वेळी पिवळा फिका, आणखी फिका. सोबत वाचत गेले. पाय गेलेली माणसं कोण? ज्यांना महिनोन्‌महिने दुसरं काही मिळालंच नाही ती. गोविंदाबाबासारखी. आणि भात, भाजी, अंबाडी, मासोळीबरोबर कधीतरी सणावारी वडे खाणारी माणसं? त्यांना काही होत नाही, बाबूजी. तुम्हाला काही झालं नसतं. चंदाच्या पाहुण्यांना काही झालं नसतं. आमच्या शास्त्राचं पहिलं वाक्यच ते आहे, की विष वस्तूत नसतं, मात्रेत असतं. ते वाक्य मी पहिल्या आठवड्यात पाठ केलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. घरी आणलं नव्हतं.

त्या रविवारी तुमचा फोन आला. "पकडलं का जहर?"

"पकडलं," मी म्हटलं.

"शाब्बास रे माह्या वाघा!" आणि मागून आवाज आला, तुम्ही कोणाला तरी सांगत होतात, "पकडलं म्हनते, बावा, नळीत पकडलं!" मी पुढचं बोलायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. मग मनात आलं, आता काय सांगू, कोणाकोणाला सांगतील, गावात तोंड कुठे लपवतील. असं मी स्वतःला सांगितलं. तोंड तुम्हाला लपवावं लागलं नसतं. मला लागलं असतं. पांढऱ्या कोटातल्या पूनमला.

मग दिवाळीत सांगू, मग उन्हाळ्यात सांगू. नोकरी लागली, लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या मसाल्यांत आणि दुधात भेसळ शोधते, अहवालाखाली माझी सही असते, एक शब्द इकडचा तिकडे होऊ देत नाही. एकदा घरी आले तेव्हा आईनं विचारलं होतं, "मंग आता खाल्ली त चालते काय वं लाखोरी?" तुम्ही तिथेच दाढी करत होता. मी म्हटलं, "कायले पायजे? दुसरं काय कमी हाय काय घरी?" तुम्ही आरशातूनच म्हणालात, "पोरगी म्हनते त म्हनते. विचारतेस काऊन?"

आणि गेल्या हिवाळ्यात. तुम्हाला पहिला झटका येऊन गेला होता, मी सुट्टी काढून आले होते, आपण दोघे हळूहळू तळ्याकडे चाललो होतो. काकीच्या घरावरून जाताना तळणीचा वास आला. तुम्ही थांबलात. दम लागला म्हणून थांबलात असं मला वाटलं.

"वास चांगला येऊन राहिला," तुम्ही म्हणालात. आणि मग, दुसरीकडे बघत, एखाद्या पोरानं आईला विचारावं तसं, "पूनम, एक खाल्ला त काय होते वं?"

बाबूजी, मी एका श्वासात सांगू शकले असते. काही नाही होत. चला, आत जाऊ, काकीकडे मागू. तुम्ही दोघे भाऊ एका ओसरीवर बसला असतात. मी काय म्हटलं?

"डॉक्टरनं तेलकट बंद केलं ना."

"हां," तुम्ही म्हणालात. "ते बी हायच."

आणि चालू लागलात. तुम्हाला माझ्यावर शंका आली होती का? शेवटपर्यंत मला हेच कळलं नाही. शंका येऊनही तुम्ही विचारलं नसेल तर मी काय करू? तुम्ही माझा मान राखलात आणि मी तो राखू दिला.

तुम्ही गेलात तेव्हा गोंदियाच्या दवाखान्याबाहेर काकाजी झाडाखाली उभे होते. आत आले नव्हते. तुम्हाला मुलगा नाही, म्हणून अग्नी त्यांनी दिला, केस त्यांनी उतरवले, तुमचं सगळं त्यांनी केलं. माझ्याकडे एकदाही वाकड्या नजरेनं बघितलं नाही. बघायला पाहिजे होतं.

तेरवीच्या सकाळी बायका अंगणात चुलीपाशी बसल्या होत्या. तुमच्या नावाचं पान काढायचं, त्यात तुमच्या आवडीचं वाढायचं. "काय आवडत होतं त्याईले?" कोणीतरी विचारलं. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "चन्याच्या डाळीचे करा. पोरगी बसली हाय न इथं."

मी उठले. काकाजी मांडवाच्या मागे पत्रावळी पुसत बसले होते, उघड्या डोक्यानं.

"काकाजी, लाखोरीचं मी बोलली होती ना चंदाच्या साखरपुड्यात, ते पुरं खरं नव्हतं."

"कायचं नव्हतं?"

मी सगळं सांगितलं. गोविंदाबाबाचं, मात्रेचं, त्यांच्याच पिशवीतल्या डाळीचं. त्यांचा हात थांबला.

"म्हंजे कॉलेजात होती तवापासून तुले मालूम हाय."

"हो."

"आनि मोठ्याभाऊले?"

"नाई सांगितलं."

त्यांनी पत्रावळ बाजूला ठेवली. "एवढी शिकली, एवढं तोंडातून निंगलं नाई तुह्या?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, आत्ता मांडवात जाऊन सगळ्यांसमोर सांगते. तशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"गप राय. आज नाई."

"लोक तुमाले नावं ठेवते, काकाजी."

"मले ठेवू दे. आदत झाली. त्याच्या तेरवीच्या दिवशी लोकं त्याले हासन, पोरीच्या अर्ध्या शिक्षनापायी भावाले सोडलं म्हनन. ते मले चालत नाई." मग पुन्हा पत्रावळ हातात घेतली. "जा. चन्याचे वाढ त्याच्या पानात."

मी गेले आणि चण्याचे वडे वाढले, बाबूजी. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आता मला न बोलायला सांगितलं होतं, न बोलणं आता चांगुलपणाचं झालं होतं! हेच मला सगळ्यात लागलं. पंगतीत चंदाची सासू बसली होती. चंदा वाढत आली तर तिनं वडा हातात घेऊन उलटून पाहिला आणि विचारलं, "कायचा हाय?" आजूबाजूला हशा झाला. चंदा हसली नाही. माझ्याकडे बघून पुढच्या पानावर गेली.

काकाजींना तुमची लाज राखायची आहे. त्यांचं मन मोठं आहे. पण त्या मोठेपणाची किंमत चंदा भरते आहे, रोज, परक्या घरी. आणि लोकांनी तुम्हाला का हसावं? तुम्ही पोरीच्या शब्दावर आपल्या आवडीचा घास सोडलात. ज्याला हसायचं त्यानं मला हसावं. माझ्याजवळ पदवी होती, तुमच्याजवळ फक्त मी होते.

काल काकाजींना मी हे सांगितलं. त्यांनी या खेपेला माझं मनगट धरलं नाही. 'नाही'ही म्हणाले नाहीत. काकीला म्हटलं, मी चंदाच्या सासरी जाते, सोबत वडे दे, तिच्या सासूच्या समोर बसून पहिला मी खाते आणि सगळं सांगते. "आता आठवलं काय तुले?" एवढंच बोलून तिनं तोंड फिरवलं. त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. पण आज सकाळी तिच्या ओसरीवर घमेल्यात लाखोरीची डाळ भिजत होती.

उद्या जाते, बाबूजी. मी शिकले त्यातलं अर्धं तुम्ही गावभर सांगितलंत, छाती काढून. उरलेलं अर्धं मला सांगू द्या.